राजवाड्यातलं आर्ट म्युझियम बघायला जाताय? मग या चुका टाळा

म्युझियम म्हणूनच बांधलेली इमारत आणि राजवाड्यात नंतर आलेलं म्युझियम, या दोन ठिकाणी फिरणं अगदी वेगवेगळं असतं आणि लोकांची बहुतेक गडबड इथूनच सुरू होते. नवीन इमारतीत आर्किटेक्टने बघायला येणाऱ्या माणसाचा विचार केलेला असतो, उजेड कुठून येणार, रांग कुठे लागणार, लिफ्ट कुठे, बसायचं कुठे. राजवाडा बांधला तेव्हा डोळ्यासमोर राजा होता, दरबार होता, आलेल्या पाहुण्याला एकेक दालन पार करायला लावून मगच आत घ्यायचं हे होतं, आणि आपण तिकीट काढून त्याच दालनांतून फिरतो तेव्हा त्या जुन्या हिशोबानेच फिरत असतो. त्यामुळे माझं तर स्पष्ट मत आहे की अशा ठिकाणी इमारत हीच पहिली कलाकृती धरायची आणि आतली चित्रं तिच्याबरोबर बघायची, तिला बाजूला ठेवून नाही. कुणी फक्त राजवाडा बघायला जातं आणि चित्रांसमोरून भराभर निघून जातं, कुणी फक्त चित्रं बघायला जातं आणि डोक्यावरच्या छताकडे एकदाही बघत नाही, दोघांचंही अर्धं तिकीट वाया जातं.

वार, वेळ आणि नेमकी कुठली इमारत

सगळ्यात साधी चूक आधी. आठवड्याची सुट्टी बघितलेली नसते. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, पॅरिसजवळचा व्हर्साय राजवाडा सोमवारी बंद, फ्लॉरेन्सचा पित्ती पॅलेस सोमवारी बंद, सेंट पीटर्सबर्गचं हर्मिटाज पण सोमवारी बंद. आणि याला एक उपकथा आहे, लूव्र मंगळवारी बंद म्हणून सगळे टुरिस्ट मंगळवारी व्हर्सायला जातात आणि तिथे त्या दिवशी जास्त गर्दी होते, म्हणजे नुसतं आपलं म्युझियम उघडं आहे का एवढं बघून भागत नाही, शेजारचं कुठलं बंद आहे तेही बघायचं.

दुसरं म्हणजे स्लॉट, म्हणजे तिकिटावर ठरवून दिलेली आत शिरायची वेळ. राजवाड्याच्या खोल्या, दारं, जिने सगळं मर्यादित, त्यामुळे एका वेळी किती माणसं आत सोडायची यावर कडक बंधन असतं. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत तर आधी बुकिंग केल्याशिवाय जाताच येत नाही आणि आत दोनच तास मिळतात, दोन तास झाले की बाहेर. लोक तिथे अर्धा तास उशिरा पोचतात आणि मग वाद घालतात की आम्हाला पूर्ण वेळ द्या, तो मिळत नाही, कारण पुढची तुकडी दारात उभी असते. स्लॉटच्या आधी सिक्युरिटी आणि सामान जमा करणं हे दोन्ही व्हायला हवं, तेवढा वेळ धरूनच निघा.

तिसरी चूक मात्र जास्त महाग पडते, चुकीच्या इमारतीत जाणं. राजवाडा म्हणजे एक इमारत असं आपण समजतो पण तो बहुतेक वेळा इमारतींचा समूह असतो आणि एकेका इमारतीचं तिकीट वेगळं असू शकतं. व्हिएन्नाच्या बेल्वेडेअरमध्ये क्लिम्टचं ‘द किस’ हे चित्र बघायचं असेल तर ते वरच्या महालात आहे, बागेच्या खालच्या टोकाला असलेल्या महालात नाही. हर्मिटाजमध्ये मातीसचं ‘द डान्स’ शोधत लोक त्याची मुख्य इमारत असलेल्या हिवाळी महालाच्या खोल्यांमागून खोल्या पालथ्या घालतात आणि ते चित्र असतं समोरचा मोठा चौक ओलांडून पलीकडच्या जनरल स्टाफ इमारतीत. वडोदऱ्याला लक्ष्मी विलास पॅलेस बघून झाला म्हणजे राजा रविवर्म्यांची चित्रं पण बघून झाली असं समजून कितीतरी जण परत फिरतात, पण तो मोठा संग्रह आवारातल्याच वेगळ्या इमारतीत, महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये आहे, जी मुळात राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेली होती. म्हणून तिकीट काढायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा, मला जे बघायचंय ते कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, कुठल्या नंबरच्या खोलीत आहे.

आणि हो, ती खोली त्या दिवशी उघडी आहे का तेही. जुन्या इमारतीत कुठलं ना कुठलं दालन सतत दुरुस्तीला किंवा सफाईला बंद असतं. लूव्र तर कुठल्या दिवशी कुठल्या खोल्या बंद राहणार याचं वेळापत्रकच साइटवर टाकतं, पाच मिनिटांचं काम आहे पण फार कमी लोक करतात. एखादं चित्र दुसऱ्या देशात प्रदर्शनाला गेलेलं असू शकतं, ते पण साइटवर किंवा फोन करून कळतं.

एकाच चित्राकडे धावत सुटणं

लूव्रचंच घेऊ, कारण ही चूक तिथे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर होते. दार उघडलं की लोंढा मोनालिसाच्या दिशेने निघतो. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटर, काचेच्या मागे, पुढे कठडा, त्याच्यापुढे शेकडो माणसं आणि प्रत्येकाचा मोबाइल वर. तिथे पोचून एक फोटो काढायचा आणि ‘एवढंसंच आहे की’ म्हणत बाहेर पडायचं. आता गंमत बघा, त्याच खोलीत, मोनालिसाच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर, पाओलो व्हेरोनेझेचं ‘काना गावातलं लग्न’ हे चित्र आहे, १५६३ सालचं, साधारण पावणेसात मीटर उंच आणि दहा मीटरच्या आसपास रुंद, आणि बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात! हे चित्र व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी काढलेलं, १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तिथून उचलून पॅरिसला आणलं. आणि ज्या खोलीत ही दोन्ही चित्रं आहेत ती बांधली होती तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, लोकप्रतिनिधींच्या सभा भरवायला, म्हणून ती एवढी अवाढव्य आहे. हे माहीत असेल तर त्या खोलीत उभं राहणंच बदलतं.

मग करायचं काय? मोनालिसा बघूच नका असं मी अजिबात म्हणणार नाही, एवढ्या लांब गेल्यावर बघायलाच हवी. पण तिला पहिला नंबर देऊ नका. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, शेवटच्या तास-दीड तासात गर्दी ओसरते, तेव्हा जा. आणि त्या खोलीतून बाहेर पडलात की लगेचच्या लांब दालनात लिओनार्दोचीच ‘व्हर्जिन ऑफ द रॉक्स’ आणि ‘सेंट ॲन’ ही चित्रं आहेत, समोर आरामात उभं राहता येतं, लोक मात्र पुढे सरकत असतात कारण त्यांचं काम झालेलं असतं.

त्या लांब दालनाबद्दल पण सांगायला हवं. ते असं लांबच लांब का आहे? तर फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने १५९५ ते १६१० च्या दरम्यान लूव्र आणि पलीकडचा त्विलेरी महाल यांना जोडायला नदीकाठाने बांधलेला तो जोडरस्ता होता, मुळात चारशे मीटरपेक्षाही लांब. त्विलेरी महाल १८७१ मध्ये जळाला, त्यामुळे हा रस्ता आता कुठेच पोचत नाही. नकाशा बघताना ‘हे एवढं लांब शेपूट कशाला’ असा प्रश्न पडतो त्याचं उत्तर हे आहे, आणि त्या टोकापर्यंत चालत गेलात तर परत पण तेवढंच यावं लागतं हेसुद्धा त्यातच आलं. राजवाड्यातला रस्ता असाच असतो, एका सरळ रेषेत दार, दार, दार, दार, बाजूने बाहेर पडायला वाट नाही. म्हणून एका टोकाला जाऊन मग ‘अरे ते मधलं राहिलं’ असं म्हणत मागे यायचं म्हणजे समोरून येणाऱ्या सगळ्या गर्दीतून उलटं चालायचं. आधी नकाशावर बोटाने रस्ता फिरवून बघा, लांबचं टोक आधी आणि दाराजवळचं शेवटी हे जमलं तर फार सोपं जातं.

वर न बघणं

मला ही चूक सगळ्यात जास्त खटकते म्हणून जरा सविस्तर लिहितोय. राजवाड्यात छत म्हणजे नुसतं छत नसतं, कित्येक ठिकाणी अख्ख्या इमारतीतलं सगळ्यात मोठं चित्र तिथेच असतं आणि ते हलवता येत नाही, विकता येत नाही, दुसरीकडे प्रदर्शनाला पाठवता येत नाही, ते बघायचं तर तिथेच जाऊन बघावं लागतं.

रोमचा बार्बेरिनी महाल बघा. आज तिथे राष्ट्रीय कलासंग्रह आहे, कारावाज्जोचं ‘जुडिथ’ हे चित्र तिथे आहे आणि लोक त्यासाठीच येतात. पण मुख्य दालनाचं छत पिएत्रो दा कोर्तोनाने १६३२ ते १६३९ अशी सात वर्षं खपून रंगवलंय आणि त्याच्या मध्यावर भल्यामोठ्या तीन मधमाश्या आहेत. मधमाश्या कशाला? तर ती बार्बेरिनी घराण्याची खूण, आणि तेव्हाचा पोप आठवा अर्बन याच घराण्यातला. म्हणजे खालून बघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मान वर करून आमच्या घराण्याचा मोठेपणा बघायला लावायचा, हा त्या खोलीचा उद्देशच होता. एकदा मधमाशी ओळखली की मग त्याच घराण्याच्या इतर कामांतही ती दिसायला लागते आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना हा शोधायचा खेळ फार आवडतो. तिथले दोन जिनेसुद्धा चुकवू नका, एक चौकोनी बर्निनीचा आणि दुसरा गोल गोल वर चढत जाणारा बोरोमिनीचा, एकाच इमारतीत त्या काळातल्या दोन मोठ्या आर्किटेक्टचं काम समोरासमोर ठेवून बघायला मिळतं आणि त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, फक्त जाताना एक जिना आणि येताना दुसरा.

पित्ती पॅलेसमध्ये याच कोर्तोनाने रंगवायला घेतलेल्या खोल्यांना छतावरच्या ग्रहदेवतांचीच नावं आहेत, शुक्र, अपोलो, मंगळ, गुरू, शनी. गुरूच्या खोलीत सिंहासन असायचं. खाली राफाएल आणि टिशियन यांची चित्रं लावलीत म्हणून सगळ्यांच्या नजरा भिंतीवर, पण वरती एका राजपुत्राचं शिक्षण चाललंय आणि ती गोष्ट खोलीगणिक पुढे सरकते.

छत बघायची पण पद्धत आहे. मान मागे टाकून चालत चालत बघू नका, पडाल किंवा कुणावर तरी आदळाल. खोलीत शिरल्यावर बरोब्बर मधे जाऊन उभे राहा, छतावरची, वर खोलवर जागा असल्याचा भास देणारी चित्रं बऱ्याचदा ठरावीक जागेवरूनच नीट दिसतात, एका कोपऱ्यातून बघितलं तर खांब वाकडे आणि माणसं लांबुळकी दिसतात आणि मग वाटतं चित्रकाराला जमलं नाही. कठड्याजवळ बाक असेल तर बसून बघा. काही ठिकाणी खाली आडवे आरसे ठेवलेले असतात, ते त्यासाठीच आहेत. आरसा नसेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून तो हातात आडवा धरायचा, छत स्क्रीनवर दिसतं आणि मान दुखत नाही. एक छोटी दुर्बीण बरोबर असेल तर अजून उत्तम, पाच मीटर वरचे चेहरेसुद्धा समोर येतात.

भिंतीवरचं सगळंच बघायला जाणं

आजच्या गॅलरीत एका भिंतीवर तीन-चार चित्रं, मधे मोकळी जागा, बाजूला नाव-गाव-सालाची पाटी. राजवाड्यात तसं नसतं. जमिनीपासून छतापर्यंत चौकटीला चौकट लावून चित्रं, कारण मालकाला आपल्याकडे किती आहे ते दाखवायचं होतं, आणि कुठलं चित्र कुठे हे सालावर किंवा चित्रकारावर ठरत नव्हतं, डावी-उजवी बाजू जुळते का, आकार बसतो का यावर ठरत होतं. रोमची दोरिया पाम्फिली गॅलरी अजूनही त्या घराण्याच्याच मालकीची आहे आणि तिथे चित्रं अठराव्या शतकातल्या जुन्या मांडणीप्रमाणे लावलीत, पाट्या जवळजवळ नाहीतच, फक्त नंबर. पित्तीच्या पॅलाटाइन गॅलरीतही मांडणी कालक्रमाने नाही. अशा ठिकाणी माणूस गेला की दोनपैकी एक होतं, पहिल्या दोन खोल्यांत प्रत्येक चित्र बघायचा प्रयत्न करून थकतो, किंवा मग काहीच कळत नाही म्हणून सरळ चालत सुटतो.

यावर उपाय असा की खोलीच्या दारात थांबायचं, एक मिनिट नुसती नजर फिरवायची, आणि जे एक-दोन चित्रं स्वतःहून ओढतील त्यांच्याकडेच जायचं. बाकीची भिंत ही भिंत म्हणून बघा, ती पण एक मुद्दाम केलेली रचना आहे. नंबर असतील तर दाराजवळच्या खोक्यात किंवा खुंटीला यादीचं कार्ड असतं, ते घ्या, आणि खोलीतून निघताना परत जागेवर ठेवा कारण मागून येणाऱ्याला तेच लागतं. लहान खोल्या टाळू नका. दोरिया पाम्फिलीमधलं सगळ्यात जबरदस्त चित्र, वेलाझ्केझने १६५० मध्ये काढलेलं दहावे इनोसंट या पोपचं पोर्ट्रेट, मोठ्या दालनात नाहीच, ते एका छोट्याशा खोलीत आहे आणि त्याच पोपचा बर्निनीने घडवलेला अर्धपुतळा शेजारी ठेवलाय, एकच माणूस रंगात आणि संगमरवरात, दोन हातांच्या अंतरावर. असा योग दुसरीकडे शोधून सापडणार नाही आणि पाट्या शोधत घाईघाईने निघालेला माणूस त्या दाराशेजारून पुढे निघून जातो.

पाटी असेल तर ती नीट वाचा. ‘अमुकच्या कार्यशाळेतलं’, ‘अमुकचं मानलं जाणारं’, ‘अमुकवरून केलेली नक्कल’ या तिन्हीचे अर्थ वेगळे आहेत. आणि ऐकीव माहितीवर विश्वास ठेवू नका. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसच्या आर्ट गॅलरीतलं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं ते प्रसिद्ध चित्र कितीतरी लोक अजूनही राजा रविवर्म्यांचं म्हणून सांगतात. रविवर्मा १९०६ सालीच गेले आणि हे चित्र १९४० च्या दशकातलं आहे, काढलंय आपल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, आणि तेसुद्धा तैलरंगात नाही, जलरंगात! दिव्याचा उजेड बोटांमधून आणि चेहऱ्यावर कसा पडतो हे जलरंगात दाखवायचं म्हणजे चूक झाली तर पुसून परत करायची सोय फारशी नाही, हे लक्षात घेऊन ते चित्र बघा.

उजेडावर चिडणं

‘किती अंधार आहे, लाइट लावा की’ ही तक्रार प्रत्येक राजवाड्यात ऐकू येते. पडदे बंद असतात, दिवे मंद असतात, आणि ते वीज वाचवायला नाही. उजेडाने रंग उडतो आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. जलरंग, कागद, रेशीम, भिंतीवरचे विणलेले गालिचे यांच्यासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड सुरक्षित धरतात, तैलचित्रांना त्याच्या तीन-चारपट चालतो. राजवाड्यात मोठमोठ्या खिडक्या असतात कारण तेव्हा वीज नव्हती, आता त्याच खिडक्या चित्रांना धोका आहेत. उजेडातून एकदम आत आलात तर काही मिनिटं थांबा, डोळे सरावले की बरंच दिसायला लागतं.

उलटी अडचण म्हणजे चकाकी. खिडकी एका बाजूला, चित्रावर व्हर्निश, आणि समोर उभं राहिलं की चित्राऐवजी खिडकीच दिसते. तिथेच उभं राहून डोळे बारीक करण्यात अर्थ नाही. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, थोडं खाली वाकून बघा, चकाकी सरकते. काही चित्रं तर तिरकस उभं राहूनच दिसतात. वेगवेगळ्या जागांवरून चित्राचे तुकडे बघायचे आणि डोक्यात जोडायचे, दुसरा मार्ग नाही. फ्लॅश मारू नका हे वेगळं सांगायला नको, त्याने फोटोतही पांढरा डागच येतो.

हात, सॅक आणि खुर्ची

राजवाड्यातलं म्युझियम घरासारखं दिसतं, खुर्च्या, कोच, टेबलं, पलंग, आणि तिथेच घात होतो. इटलीत व्हेरोनाच्या पलाझ्झो माफेईमध्ये २०२५ साली एका जोडप्याने फोटोसाठी स्फटिकांनी मढवलेल्या एका खुर्चीवर बसायचा आव आणला, नुसता आव आणता आणता माणूस खरंच टेकला आणि खुर्ची मोडली. ती निकोला बोल्ला या कलाकाराची कलाकृती होती. सुदैवाने ती नंतर दुरुस्त झाली. नियम सोपा आहे, ज्या खुर्चीवर दोरी आहे, वाळलेलं फूल किंवा काटेरी बोंड ठेवलंय, किंवा जी बघून जुनी वाटते तिच्यावर बसायचं नाही, आणि शंका असेल तर गार्डला विचारायचं. ते रागावत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं.

भिंतीला टेकू नका, तिला रेशमी कापड लावलेलं असू शकतं. पाठीवरची सॅक हा तर मोठाच धोका, आपण वळतो आणि सॅक कुठे लागली ते आपल्याला कळतच नाही, म्हणून जमा करा किंवा पुढे छातीवर घ्या. सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. टोकदार टाचेचे बूट घालू नका, लाकडाच्या नक्षीदार जमिनीत एका छोट्या टोकावर सगळं वजन येतं आणि खड्डे पडतात. रशियातल्या काही महालांत बुटांवर घालायला आवरणं देतात, ती न कुरकुरता घाला, त्या जमिनी पण कलाकृतीच आहेत.

‘हे सगळं ओरिजिनल आहे’ किंवा ‘हे तर सगळं नकली’

दोन्ही टोकं चुकीची. हर्मिटाजचा हिवाळी महाल आर्किटेक्ट रास्त्रेल्लीने १७५४ ते १७६२ मध्ये बांधला हे खरं, पण डिसेंबर १८३७ च्या आगीत आतलं बहुतेक सगळं जळालं आणि आज आपण जी दालनं बघतो ती त्यानंतर पुन्हा उभी केलेली आहेत. म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही, फक्त कुठलं कधीचं हे माहीत असावं.

आणि पोलंडमधल्या वॉर्साच्या राजवाड्याबद्दल तर मी हात जोडून सांगेन की ‘नवीन बांधलेला आहे, काय बघायचं’ असं म्हणून तो टाळू नका. १९४४ मध्ये जर्मन सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. युद्धाच्या धामधुमीत लोकांनी जिवावर उदार होऊन तिथले दरवाजे, नक्षीचे तुकडे, चित्रं लपवून ठेवली होती, आणि १९७१ पासून पुन्हा बांधकाम सुरू झालं तेव्हा ते तुकडे आपापल्या जागी परत बसवले. तिथल्या एका दालनात बेर्नार्दो बेलोत्तोने अठराव्या शतकात काढलेली वॉर्सा शहराची चित्रं आहेत, इतकी बारकाईने काढलेली की युद्धानंतर शहर पुन्हा उभारताना जुन्या इमारती कशा होत्या हे बघायला त्यांचा उपयोग झाला. एका राजाने महालाच्या भिंतीसाठी काढून घेतलेली चित्रं दीड-पावणेदोनशे वर्षांनी शहराच्या कामी आली. त्या खोलीत खिडकीतून बाहेरचं शहर आणि भिंतीवरचं शहर असं आळीपाळीने बघत उभं राहायचं असतं, आणि त्यासाठी वेळ काढायचा असतो.

शरीराची काळजी

याबद्दल थोडक्यात. राजवाड्यात मुख्य दालनं सहसा जमिनीच्या वरच्या मजल्यावर असतात कारण खाली कोठारं, पहारेकरी, घोडे असायचे, त्यामुळे सुरुवातच मोठ्या जिन्याने होते. दरबारी जिन्याच्या पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या, नोकरांच्या जिन्याच्या उंच आणि अरुंद, दुसऱ्या प्रकारावर जपून. लिफ्ट असते पण ती कोपऱ्यात किंवा स्टाफच्या भागात असते आणि बोर्ड नसतो, ज्येष्ठ मंडळी किंवा व्हीलचेअर असेल तर दारातच विचारा, बहुतेक वेळा कुणीतरी येऊन घेऊन जातं. टॉयलेट प्रवेशद्वाराजवळच असतं, आत दोन तास काही सापडणार नाही हे धरून चाला. बाक दिसला की दमलेले नसाल तरी बसा, पुढचा कधी येईल सांगता येत नाही. दोन-अडीच तासांनंतर डोळे बघतात पण डोकं घेत नाही, तेव्हा बागेत जाऊन या, मात्र त्याआधी परत आत सोडतात का हे विचारून घ्या.

आत अडलात तर

रस्ता चुकला तर खिडकी गाठा. बाहेर अंगण दिसतंय, नदी दिसतेय की बाग, यावरून कुठल्या बाजूला आहात ते लगेच कळतं, सारख्या दिसणाऱ्या खोल्यांमधे नकाशापेक्षा हे लवकर काम करतं. मोबाइलला रेंज नसेल तर नवल नाही, जाड दगडी भिंती आहेत, म्हणून तिकिटाचा आणि मजल्यांच्या नकाशाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा आणि सोबतच्यांशी भेटायची जागा ठरवून घ्या. मजल्यांचे नंबर गोंधळात पाडतात, युरोपात बहुतेक ठिकाणी जमिनीचा मजला शून्य. ऑडिओ गाइडचा नंबर आणि चित्राचा नंबर जुळत नसेल तर तो बहुतेक वेळा खोलीचा नंबर असतो, दाराच्या चौकटीवर बघा.

दालनात एकदम मोठा ग्रुप शिरला तर त्यांच्याशी स्पर्धा करू नका, गाइड एका चित्रापुढे पाच-सात मिनिटं बोलतो आणि मग सगळे एकदम निघतात, तोपर्यंत छत, जमीन, शेकोटी, घड्याळं बघा. हवी ती खोली बंद निघाली तर गार्डला विचारा की दुपारी उघडणार आहे का, कारण स्टाफ कमी असला की काही ठिकाणी खोल्या आळीपाळीने उघडतात आणि हे बोर्डावर लिहिलेलं नसतं.

आणि बंद व्हायची वेळ सहा लिहिली असेल तर सहापर्यंत बघता येईल असं समजू नका. गार्ड मंडळी लांबच्या टोकापासून खोल्या रिकाम्या करत दाराकडे येतात आणि ते काम अर्धा तास आधीच सुरू होतं, सामान जमा करायची खिडकीही त्याच सुमारास आटपायला लागते. म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासासाठी एखादं चित्र राखून ठेवायचं असेल तर ते दाराच्या जवळचं निवडा, लांबच्या टोकाचं नको.